हालिनाबाई अमरावतीच्या झाल्या तो हिवाळा

गेल्या आठवड्यात अंगणात पाय घसरला आणि मी हातावर पडले. सुनेनं काही ऐकून घेतलं नाही. रिक्षात बसवून इथल्याच, अकोल्यातल्या, एका दवाखान्यात नेलं. तिथल्या मुलीनं माझा हात गार फळीवर ठेवला, ती काचेमागे गेली, आणि मी सवयीनं दम धरते न धरते तोच म्हणाली, "झालं आजी." समोरच्या पडद्यावर माझं मनगट उजळलं. हाड शाबूत होतं. सून खूश झाली. मी मात्र खुर्चीवरून उठेना. इतक्या लवकर कसं झालं, असंच वाटत राहिलं. अंधाऱ्या खोलीत जाणं नाही, लाल दिवा नाही, फिल्म पाण्यात हलवताना होणारा चुळुकचुळुक आवाज नाही, आणि लुगड्याला धरून बसणारा तो आंबूस वासही नाही.

बाहेर आलो तर फाटकाशी संत्र्यांचा ढीग लागलेला. थंडीनं आखडलेला एक म्हातारा उन्हात बसून फोड सोलून गिऱ्हाइकाला चव दाखवत होता. मी सुनेला म्हटलं, थांब जरा. थंडी, संत्री आणि एक्सरे या तीन गोष्टी एका जागी आल्या की मला दुसरं काही सुचत नाही. मी अमरावतीत असते, वीस-एकवीस वर्षांची, आणि हालिनाबाई माझ्यावर ओरडत असतात.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आदल्या हिवाळ्याची ही गोष्ट.

अंबागेटच्या आतल्या बाजूला डॉक्टर ठोसरांचा दवाखाना होता. डॉक्टरांनी लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून एक्सरेचं मशीन उचललं होतं, आणि ते चालवायला माणूस मिळेना म्हणून ते कितीतरी महिने ताडपत्रीखाली पडून होतं. मग कुठल्याशा कामासाठी डॉक्टर कोल्हापूरकडे गेले. तिथं लढाईच्या दिवसांत पोलंडच्या निर्वासितांची एक छावणी होती. ती उठली, माणसं जहाजांत बसून इंग्लंडला आणि कुठं कुठं गेली. एक तरुण बाई मात्र मागं राहिली होती. छावणीच्या इस्पितळात ती एक्सरे काढायला शिकली होती आणि आता तिथल्याच एका डॉक्टरांच्या हाताखाली काम करत होती. ठोसर डॉक्टरांनी तिला विचारलं, अमरावतीला येता का? तिनं विचारलं, तिथं थंडी पडते का? डॉक्टर म्हणाले, पडते. एवढ्यावर हालिनाबाई आल्या.

त्यांचं आडनाव आम्हांला कोणाला उच्चारता आलं नाही. नावही टिकलं नाही. अचलपूर, चांदूरकडून येणारे पेशंट त्यांना हलीमाबाई म्हणत आणि ही गोरी मुसलमानीण कुठली म्हणून मला हळूच विचारत. खेड्यातल्या म्हाताऱ्या "फोटोवाली मडम" म्हणत. मी आणि बाकी सगळे "बाई" म्हणायचो. मराठी त्या कोल्हापूरच्या बाजारात शिकल्या आणि अमरावतीत येऊन तिच्यावर वऱ्हाडी चढली. त्यामुळे "व्हय की" आणि "काहून" एकाच वाक्यात यायचं. "व्हय की, पन तुमी जेवून काहून आले?" असं त्या पोटाच्या पेशंटला दरडावत, आणि तो माणूस आजार विसरून त्यांच्याकडे बघत राही.

लढाईत त्यांचं गाव सुटलं तेव्हा त्या शाळेत होत्या. आई सायबेरियाच्या वाटेवर वारली. वडील आधीच फौजेत गेलेले, ते परत दिसलेच नाहीत. हे सगळं त्यांनी मला एकदाच सांगितलं, फिल्मा वाळत घालता घालता, भाजीचा भाव सांगावा तसं. मी विचारलं, मग लढाई संपल्यावर गावी का नाही गेल्या? त्या म्हणाल्या, गाव जिथं होतं तिथंच आहे, पण ते आता दुसऱ्याच देशात गेलं. माझ्याकडं ज्या देशाचा कागद आहे त्यात ते नाही, आणि ज्या देशात ते आहे त्याचा कागद मला नको.

मी बार्शीटाकळीकडची. तायड्यांची शांता. माझे बाबा दुसऱ्याच्या काळ्या वावरात राबले, पण मला त्यांनी मॅट्रिकपर्यंत शिकवलं. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी घरातले जुने देव नदीत सोडले आणि मला म्हणाले, आता तुले कोनाच्या घरचं शेन उचलाले जायाचं नाई. मॅट्रिकनंतर ओळखीच्या एका मास्तरांनी मला ठोसर डॉक्टरांकडे पाठवलं. काम होतं पेशंटांची नावं लिहायची आणि फिल्मा धुवायची. बाईंनी पहिल्याच दिवशी माझे हात बघितले, नखं बघितली, आणि म्हणाल्या, नुसतं धुवायला एवढी शिकलेली पोरगी कशाला? सगळंच शिक.

मग त्यांनी मला शिकवलं, आणि फार रागावून शिकवलं. फिल्म उलटी लावली की टाळूवर टिचकी. पेशंटचा हात ओढला की, "तो हात त्याचा हाये, तुहा नाई." थंडी पडली की औषधाचं पाणी मंद होतं, फोटो नीट उठत नाही, म्हणून सकाळी आल्या आल्या स्टोव्हवर पाणी तापवायचं, परातीत ओतायचं आणि त्यात औषधाची टाकी ठेवायची. त्या परातीच्या वाफेत मी हात शेकत असे. लाल दिव्याच्या अंधारात आम्ही दोघी उभ्या असू. पांढऱ्यातून आधी काळं, मग करडं वर यायचं, आणि अचानक कोणाच्या तरी बरगड्या दिसायच्या. पहिल्यांदा मी घाबरून बाईंचा हात धरला होता. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

हिवाळा म्हणजे आमचा हंगाम. वऱ्हाडात कापूस घरात येतो, गाड्या कळसापर्यंत भरतात, आणि त्या कळसावर बसलेली माणसं खाली पडतात. संत्र्यांच्या झाडावर चढलेले खांदा मोडून येत. हुरड्याच्या रात्री शेकोटीशी भांडलेले भाऊ एकाच बैलगाडीतून येत, आणि एकमेकांच्या हाडाची चौकशी करत. एका म्हातारीला छातीचा फोटो काढायला मशीनसमोर उभं केलं. बाई म्हणाल्या, दम घ्या, धरून ठेवा. म्हातारीनं दम धरला तो सोडेचना. फोटो झाला, बाई सोडा सोडा म्हणून ओरडताहेत, आणि म्हातारी लाल होऊन उभी. शेवटी मी गुदगुल्या केल्या. ती म्हणाली, "मडम म्हने धर, म्हनून धरला." बाई त्या दिवशी दुपारपर्यंत हसत होत्या.

अशा त्या हंगामात बाईंना कचेरीतून बोलावणं आलं.

परदेशी माणसाला इथं राहायचं तर दरसाल परवाना नवा करून घ्यावा लागे. बाई दर हिवाळ्यात चांगलं पातळ नेसून कचेरीत जात, शिक्का मारून घेत आणि येताना पेढे आणत. त्या वर्षी त्या पेढे न आणता आल्या. आता दरसालचा शिक्का मिळणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. कायमचं राहायचं असेल तर तसा अर्ज करा, नाहीतर जायची तयारी करा. अर्ज बाईंच्या एकटीच्या सहीनं चालणार नव्हता. ज्यांच्याकडं त्या काम करतात त्यांनी लिहून द्यायचं होतं की हे काम आम्हांला हवं आहे आणि ते करणारं इथलं माणूस मिळत नाही. मग एक अधिकारी येऊन खरंखोटं बघणार.

डॉक्टर म्हणाले, त्यात काय, आत्ता लिहून देतो. आणि त्यांनी लिहिलं. सबंध वऱ्हाडात हे काम या बाईंशिवाय दुसऱ्या कोणालाही येत नाही, असं ठणठणीत इंग्रजीत लिहून त्यांनी ते मला मोठ्यानं वाचूनही दाखवलं. वाचता वाचता ते थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा वाळलेल्या फिल्मा पाकिटांत घालत होते. त्या आठवड्यातले निम्मे फोटो मी एकटीनं काढले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेशंट ओसरल्यावर डॉक्टरांनी मला बोलावलं. फार चांगला माणूस. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून ते टेबलावरचा कागददाब इकडून तिकडे सरकवत बोलत होते. म्हणाले, साहेब आले की तुलाही विचारतील. तू एवढंच सांगजो का मी नावं लिहितो आन फिल्मा धुतो. मशीनले हात लावत नाई. बाईंसाठी, दुसऱ्या कोणासाठी नाही.

मी मान हलवली. खरं सांगते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एका वाक्यानं बाई राहत असतील तर मी दहा वाक्यं बोलले असते. पण संध्याकाळी लाल दिव्याखाली उभी असताना माझ्या मनात दुसरंच आलं. हे वाक्य कागदावर जाईल. शांता तायडे हिला मशीन चालवता येत नाही, असं सरकारी कागदावर राहील. अकोल्याच्या एका डॉक्टरांनी नवं मशीन मागवलं होतं, ते खोक्यातच होतं, आणि चालवायला माणूस हवा म्हणून त्यांनी ठोसर डॉक्टरांना माझ्याबद्दल विचारलं होतं. म्हणजे बाई राहिल्या तर मी धुणारी, आणि मी चालवणारी ठरले तर बाई जाणार. मी फिल्म टाकीत जास्त वेळ ठेवली. ती पार काळी झाली.

बाईंनी ती उजेडात धरली. काय झालं, म्हणाल्या. मी सांगून टाकलं.

त्या रागावल्या की नेहमी भराभर बोलत. त्या दिवशी अगदी सावकाश बोलल्या. "मी तुले शिकवलं ते नाई येत म्हनून सांगाले का?"

मी म्हटलं, बाई, पण मग तुम्हांला जावं लागेल.

"जाईन. लंडनले माझी मावशी हाये, ती दर सालाले बोलावते. पन तू येतं म्हनून सांगजो. माह्याजवळ दाखवाले दुसरं काय हाये, शांते? तूच हायेस ना."

यानंतर त्या विषयावर त्या बोलल्या नाहीत. डॉक्टरांशी तर त्यांनी बोलणंच टाकलं. डॉक्टर बिचारे त्यांच्या दारावरून जाताना खोकत.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी मला त्यांच्या खोलीवर बोलावलं. दवाखान्यामागे एक खोली आणि पडवी, एवढंच त्यांचं घर. त्यांच्याकडं या दिवशी आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत जेवत नाहीत. आम्ही दोघी पडवीत उभं राहून मान वर करून बघत होतो. थंडी अशी होती की दात वाजत होते. चांदणी मला आधी दिसली. आत गेलो तर चटईवर तीन ताटं. मी विचारलं, डॉक्टर येणार आहेत का? त्या म्हणाल्या, नाही. आमच्याकडं एक ताट जास्त ठेवतात. कोणी वाटसरू आला तर त्याच्यासाठी. येतो का कोणी, मी विचारलं. आजवर तर कोणी आला नाही, म्हणाल्या.

आम्ही बसतोय तोच बाहेरून हाक आली. बाबा होते. बार्शीटाकळीहून अकोल्याला, तिथून आगगाडीनं बडनेऱ्याला आणि पुढं पायी, असे ते आले होते. खांद्यावर ज्वारीच्या कणसांचं गाठोडं. हुरडा झाला, पोरीला खाऊ घालावा म्हणून निघाले, आणि माझ्या बिऱ्हाडी कुलूप बघून विचारत विचारत इकडं पोचले. दारातच उभे राहिले. आत येईनात. बाई उठल्या, त्यांच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि तिसऱ्या ताटाकडं हात केला.

बाबांनी ताट बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मी येनार हे बाईले कोनं सांगतलं?"

"कोनी नाई," बाई म्हणाल्या. "जो येईन त्याच्यासाठी ठेवलं होतं."

बाबा बसले. बराच वेळ त्यांनी घासच उचलला नाही. गावात जेवणावळीच्या वेळी बाबा कुठं बसत आणि कधी वाढलं जाई ते मला ठाऊक होतं. बाईंना ठाऊक नव्हतं. त्या आपल्या वाढत होत्या. कोबीची भाजी होती, मासळी होती, आणि शेवटी गव्हाचं, मधाचं आणि खसखशीचं एक गोड. बाबांनी ते चाखलं आणि त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, हे तं आपली गव्हाची खीर! बाई म्हणाल्या, आमची पण. मग दोघांत गहू आधी भिजवायचा की आधी कांडायचा यावर वाद लागला. बाबा आयुष्यात पहिल्यांदा एका परक्या बाईशी स्वयंपाकावरून भांडत होते आणि हरत होते.

हात धुताना बाबा मला म्हणाले, काय झालं ते मला सांग. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काहीतरी कळलं असावं. मी सांगितलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "आपल्याले येते ते नाई येत म्हनून सांगाची पाळी आपल्या आज्यावर होती, माह्यावर होती. तुह्यावर नाई." एवढंच बोलून ते बाईंकडे गेले आणि कणसं भाजायला निखारे मागू लागले.

अधिकारी आले ते संक्रांतीच्या पुढं-मागं. आगाशे नाव. मूळचे पुण्याचे, आमच्याकडं नुकतीच बदली झालेली. गळ्याभोवती मफलर, हातात चामड्याची पिशवी, आणि बोलणं असं नितळ की आमच्या दवाखान्यातल्या भिंतीसुद्धा सावरून उभ्या राहिल्या असाव्यात. त्यांनी दारात नमस्कार करून विचारलं, "आपणच का हालिनाबाई?"

"व्हय. तुमी काहून उभे? बसा ना," बाई म्हणाल्या.

साहेब दचकले. पुण्याच्या कानाला ते भांडण वाटलं असणार. मग त्यांनी समोरच्या निळ्या डोळ्यांकडं पाहिलं, पुन्हा शब्द मनात घोळवले, आणि बसले. मराठी कुठं शिकलात, असं त्यांनी विचारलं. बाजारात, असं उत्तर मिळालं.

त्यांनी बरंच विचारलं. लंडनच्या मावशीचा विषय निघाला. साहेब म्हणाले, तिथं तुमच्या रक्ताची माणसं आहेत, तुमच्या भाषेचे लोक आहेत. मग इथंच का राहायचंय?

बाईंनी थोडा विचार केला. "तिकडं मी पाहुनी असन, साहेब. पाहुनीले सगळे गोडच बोलतात. इथं लोकं मले शिव्या पन देतात."

साहेबांच्या ओठांच्या कडा हलल्या. त्यांनी ते लिहून घेतलं की नाही, कोण जाणे. मग ते माझ्याकडं वळले. डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

"तुम्हांला हे यंत्र चालवता येतं?"

मी बाईंकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर रडू आलं असतं. "येते," मी म्हटलं. "बाईंनी शिकवलं."

साहेबांनी पेन बंद केलं, उठले, कोट काढला आणि मफलर सोडला. म्हणाले, दाखवा. माझ्या हाताचा फोटो काढा. बाईंनी आत यायचं नाही.

मी साहेबांचा हात फळीवर ठेवला. बोटं आखडलेली होती, ती मोकळी होईपर्यंत थांबले. फोटो घेतला. मग त्यांना अंधाऱ्या खोलीत नेऊन स्टुलावर बसवलं. स्टोव्हवर पाणी ठेवलं. ते कशासाठी, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, थंडीत औषध मंदावते. लाल उजेडात ते वाकून टाकीत बघत होते. हाडं वर येऊ लागली तसे ते आणखी पुढं झुकले. अंगठ्याच्या मुळाशी एक जुनी रेघ होती. मी विचारलं, इथं मोडलं होतं का? ते हळूच म्हणाले, लहानपणी. आट्यापाट्या खेळताना. आईनं रात्रभर हात मांडीवर घेतला होता. अंधारात माणसं असं काही बोलून जातात. मी ते पुढंही पुष्कळदा अनुभवलं.

"तुमच्या बाईंनी आणखी काय शिकवलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हाडाआधी माणसाच्या तोंडाकडे बघायचं. बाईमाणसाला दिवस गेलेत का ते आधी विचारायचं, मग मशीनजवळ न्यायचं. फोटो बिघडला तर पेशंटला दोष द्यायचा नाही. अजून पुष्कळ.

बाहेर येऊन साहेबांनी ओला फोटो खिडकीशी धरला. डॉक्टरांना म्हणाले, "डॉक्टर, तुमचा अर्ज खरा नाही."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, तशाच राहिल्या.

"दुसऱ्या कोणाला हे येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. येतं. मी आत्ता पाहिलं." साहेबांनी फोटो माझ्या हातात दिला. "पण या मुलीला कोणी शिकवलं, ते तुम्ही अर्जात कुठंच लिहिलेलं नाही. वऱ्हाडात अशी यंत्रं येताहेत ना?"

डॉक्टर म्हणाले, येताहेत. अकोल्याचं खोक्यातच आहे. यवतमाळकडं एक येतंय. चालवायला माणसं नाहीत.

"मग तेच लिहा. यंत्र चालवायला बाई हव्यात असं लिहू नका. माणसं तयार करायला हव्यात असं लिहा. मला सरकारला सांगायला काहीतरी खरं द्या."

ते गेल्यावर डॉक्टर खुर्चीत बसले ते उठेनात. बाईंनी त्यांच्यासाठी चहा टाकला. त्या त्यांच्याशी परत बोलू लागल्या त्या तेव्हापासून.

नवा अर्ज गेला. अकोल्याच्या डॉक्टरांनीही त्यावर सही केली, यवतमाळचीही आली. उत्तर काही लगेच आलं नाही. आम्ही कामाला लागलो. दोन मुली शिकायला आल्या, आणि टाळूवरच्या टिचक्या त्यांच्या वाट्याला गेल्या. माझं अकोल्याचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी बाई मला घेऊन गावाबाहेरच्या बागायतीकडं फिरायला गेल्या. आंबिया बहार आला होता. संत्र्याची झाडं बारीक पांढऱ्या फुलांनी भरलेली, आणि तो वास हवेत असा दाटलेला की बोलावंसं वाटेना. माघाचं ऊन मऊ होतं. बाई एका झाडाखाली डोळे मिटून उभ्या राहिल्या. मला वाटलं, मनातल्या मनात निरोप घेताहेत. आजही संत्री फुलली की मला आनंद व्हायच्या आधी थोडी भीती वाटते. मग आठवतं की ते सगळं नीट झालं, आणि मग आनंद होतो.

अकोल्याला आल्यावर मोर्णेच्या काठानं मी रोज दवाखान्यात जाई. नवं मशीन खोक्यातून निघालं. पहिला फोटो काढताना मी सगळं तीनदा तपासलं, दुसऱ्याला नाही. लोक मला "फोटोवाली बाई" म्हणू लागले. कोणाच्या तोंडून बाई हा शब्द माझ्यासाठी निघाला की मी अजून मागं वळून बघत असे.

होळी झाल्यावर ठोसर डॉक्टरांचा फोन आला. तार वगैरे नाही, फोन. आमच्या डॉक्टरांनी मला धावत बोलावलं. पलीकडून डॉक्टर एवढंच म्हणाले, झालं. कायमचं झालं.

रविवारी मी बडनेऱ्याची गाडी पकडली. बाई स्टेशनवर उभ्या होत्या. मला वाटलं होतं मिठी मारतील, रडतील. त्या म्हणाल्या, चाल, इतवाऱ्यात जायाचं हाये, ऊन होईल. टांगा केला. मी म्हटलं, पातळ घ्यायचं का? नाही. भांडं? नाही. बाजारात कापडाची दुकानं मागं पडली, बांगड्यांची मागं पडली. उन्हात रस्त्याकडेला वडारणी दगडाच्या वस्तू मांडून बसल्या होत्या, तिथं बाई थांबल्या.

बाईंच्या खोलीत किती वर्षं येत-जात होते मी, पण तोवर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. त्यांच्याकडं जड असं काहीच नव्हतं. घडीची खाट, जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, हलकी भांडी, पत्र्याची एक पेटी. चटणी त्या शेजारणीकडं जाऊन वाटत. मी त्यांना तिथं, त्या बाजारात विचारलं. त्या म्हणाल्या, सामान कधीबी उचलून चालू पडता आलं पायजे ना. लहानपणापासून तसंच घेत आलो.

मग त्या उकिडव्या बसल्या आणि एकेक पाटा-वरवंटा बघू लागल्या. तळहात फिरवून छिन्नीनं पाडलेले टाके बघितले, वरवंटा घोळवून बघितला. शेवटी सगळ्यांत मोठा, काळाभोर, चौकोनी पाटा त्यांनी निवडला. टांगेवाला आणि वडारणीचा नवरा असे दोघं मिळून तो उचलायला गेले आणि निम्म्यात खाली ठेवला. टांगेवाल्यानं कंबर धरली. बाईंना म्हणाला, "बाई, हा लय जड हाये. तो बाजूचा घ्या ना, हलका."

बाई हसल्या. "नाई," त्या म्हणाल्या, "मले जडच पायजे."